तबकडीवरील खुणेपासून माहितीसंचापर्यंत : डीजेच्या डिजिटल संगीतसंग्रहाच्या पूर्वतयारीचा इतिहास

सारांश

डीजे सॉफ्टवेअरवर संगीत वाजविण्यापूर्वी डिजिटल संग्रहाची जी तयारी करावी लागते, तिच्याकडे बहुधा निव्वळ तांत्रिक काम म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत शोधनिबंधात या तयारीचा १९७० च्या दशकापासून आजपर्यंतचा इतिहास मांडला आहे. तबकडीवर खूण करणे, गती मोजून लिहिणे, नाव जपणे वा लपविणे ही कामे संगणक येण्यापूर्वीही होतीच. संगणकाने ती नव्याने निर्माण केली नाहीत. त्यांची जागा, त्यांचे स्वरूप आणि त्यांची मालकी बदलली. हा बदल होत असताना माहितीची जी चौकट तयार झाली, तिच्यात भारतीय संगीताला मिळालेले स्थान आणि या खुणांच्या जतनाचा प्रश्न यांचाही येथे विचार केला आहे.

सूचक शब्द : डीजे, तबकडी, एमपी३, टॅग, बीटग्रिड, क्यू पॉइंट, सूचीकरण, जतन.

प्रस्तावना

ध्वनिमुद्रित संगीत खंड पडू न देता एकामागून एक वाजविणाऱ्या व्यक्तीस 'डिस्क जॉकी' किंवा संक्षेपाने 'डीजे' म्हणतात. महाराष्ट्रात हा शब्द मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीसाठी रूढ झाला असला, तरी प्रस्तुत निबंधात तो संगीताची निवड व जोडणी करणारा कलावंत या मूळ अर्थानेच योजला आहे. अशा कलावंताचे काम श्रोत्यांना दोन-चार तास दिसते; मात्र त्यामागे कित्येक दिवसांची तयारी असते. कोणते गीत कोठे ठेवले आहे, त्याची लय किती, ते कोणत्या पट्टीत आहे, त्यातील कोणता भाग नेमका कोठे सुरू होतो, हे सारे त्याला आधीच ठाऊक असावे लागते. कीर्तनकार पदांची व दृष्टांतांची वही जवळ बाळगतो, तसेच हे आहे. डीजेची ही वही आरंभी त्याच्या स्मरणात होती. पुढे ती तबकडीवर आणि कागदावर उतरली आणि अखेर संगणकाच्या माहितीसंचात गेली.

या प्रवासात वाजविण्याच्या साधनांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. टर्नटेबल, मिक्सर, सीडी प्लेअर यांची वर्णने सहज सापडतात. तयारीच्या कामाचा इतिहास मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. हे काम एकट्याने, घरी बसून केले जाते आणि श्रोत्यांना ते दिसत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) तबकडीच्या काळातील तयारीच्या पद्धतींचा परामर्श घेणे.
२) डिजिटल फाईलमधील माहितीच्या रचनेचा विकास समजून घेणे.
३) डीजे सॉफ्टवेअरसाठी संग्रह तयार करण्याच्या टप्प्यांचे ऐतिहासिक मूळ शोधणे.
४) भारतीय संगीताच्या संदर्भात या रचनेच्या मर्यादा तपासणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

तबकडीचा काळ : स्मरण, खूण आणि गुपित

न्यूयॉर्कमधील 'सँक्चुअरी' या नृत्यगृहात फ्रान्सिस ग्रासो या डीजेने १९७० च्या सुमारास दोन तबकड्यांचे ठोके जुळवून एका गीतातून दुसऱ्यात जाण्याची पद्धत रूढ केली. त्यासाठी एक तबकडी वाजत असताना दुसरी हेडफोनवर ऐकून तिच्या आरंभाची जागा हाताने धरून ठेवावी लागे. कोणत्या दोन तबकड्यांची लय जुळते, याची नोंद केवळ त्याच्या कानात आणि स्मरणात होती. पुढे १९७२ मध्ये 'टेक्निक्स एसएल-१२००' हे मोटरने थेट फिरणारे टर्नटेबल आले. १९७९ मधील त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत गती कमी-जास्त करण्यासाठी सरकता दांडा होता. त्यामुळे लय जुळविण्याचे काम अधिक नेमके झाले.

याच शहरातील ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत डीजे कूल हर्क यांनी केलेला कार्यक्रम हिपहॉपच्या इतिहासात आरंभबिंदू मानला जातो. गीतातील गायन थांबून केवळ तालवाद्ये वाजतात तो तुकडा, म्हणजे 'ब्रेक', नर्तकांना विशेष प्रिय असल्याचे हर्क यांच्या ध्यानात आले. एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती घेऊन ते हा तुकडा लांबवीत. ही ध्वनिमुद्रिका कोणती, हे इतरांना कळू नये म्हणून त्यांनी तबकड्यांवरील नावाचे कागद पाण्यात भिजवून काढून टाकले होते. नाव हीच डीजेची पुंजी होती. आज ज्या नोंदी प्रत्येक फाईलमध्ये काळजीपूर्वक भरल्या जातात, त्या येथे जाणीवपूर्वक पुसल्या जात होत्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

ब्राँक्समधीलच ग्रँडमास्टर फ्लॅश यांनी पुढचे पाऊल टाकले. ब्रेक जेथे सुरू होतो तेथे त्यांनी तबकडीवर रंगीत खडूने रेघ ओढली आणि तो तुकडा पुन्हा आणण्यासाठी तबकडी किती वेढे मागे फिरवावी लागते, हे मोजले. घड्याळाच्या तबकडीप्रमाणे ध्वनिमुद्रिकेकडे पाहण्याच्या या पद्धतीस त्यांनी 'क्लॉक थिअरी' असे नाव दिले. मिनिटाला ३३ १/३ वेढे घेणाऱ्या तबकडीचा एक वेढा १.८ सेकंदांत पूर्ण होतो. म्हणजे सहा वेढे मागे फिरविले की १०.८ सेकंदांचा तुकडा पुन्हा हाती येतो. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये 'क्यू पॉइंट' म्हणून जी रंगीत खूण दिसते, तिचे मूळ या खडूच्या रेघेत आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

हर्क यांनी लपविलेले ज्ञान कालांतराने उघड झाले. १९८६ ते १९९१ या काळात 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' या नावाने २५ भागांची संकलने प्रसिद्ध झाली आणि प्रसिद्ध ब्रेक असलेली गीते कोणालाही विकत घेता येऊ लागली. गुपिताची सूची झाली आणि ती सार्वजनिक झाली. डीजेचे वेगळेपण आता केवळ नाव ठाऊक असण्यावर अवलंबून राहिले नाही. निवड आणि मांडणी यांना अधिक महत्त्व आले.

गतीचे मोजमाप

डेव्हिड मँकुसो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'रेकॉर्ड पूल' स्थापन केला. ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी नव्या तबकड्या या संस्थेकडे द्याव्यात, सभासद डीजेंनी त्या वाजवून नर्तकांचा प्रतिसाद कळवावा, अशी ही व्यवस्था होती. तबकडीसोबत तिच्याविषयीची माहितीही आता व्यवस्थितपणे फिरू लागली.

माहितीचा दुसरा प्रकार म्हणजे गती. एका मिनिटातील ठोक्यांची संख्या, म्हणजेच 'बीपीएम', हे परिमाण डिस्को संगीताच्या काळात डीजेंच्या व्यवहारात रूढ झाले. जेम्स हॅमिल्टन यांनी 'रेकॉर्ड मिरर' या ब्रिटिश साप्ताहिकातील आपल्या सदरात नव्या ध्वनिमुद्रिकांची गती मोजून देण्यास १९७० च्या दशकाच्या अखेरीस आरंभ केला. ज्यांना हे सदर मिळत नसे, ते घड्याळ समोर ठेवून ठोके मोजत आणि तबकडीच्या वेष्टनावर आकडा लिहून ठेवीत. अशा वेष्टनांवर गतीबरोबर इतर टिपणेही असत. संगणकातील आजच्या रकान्यांचे हे पूर्वरूप होय.

सीडी, एमपी३ आणि १२८ बाइटांची जागा

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीमुळे संगीत अंकांच्या रूपात आले. तथापि या तबकडीवर गीताचे वा गायकाचे नाव नोंदविण्याची सोय मूळ रचनेत नव्हती. यंत्राला केवळ गीताचा क्रमांक व कालावधी कळे. संगणकावर सीडी वाजवू लागलेल्या लोकांना ही उणीव जाणवली. टी कान यांच्या सीडी वाजविण्याच्या प्रणालीतून १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'सीडीडीबी' या माहितीसंचाने त्यावर उपाय शोधला. गीतांच्या आरंभवेळा व एकूण कालावधी यांवरून सीडी ओळखायची आणि ज्याच्याकडे ती सीडी आहे त्याने नावे टंकलिखित करून इतरांसाठी पाठवायची, अशी ही पद्धत होती. हजारो लोकांनी हे काम विनामूल्य केले. पुढे हा माहितीसंच व्यावसायिक मालकीत गेला आणि २००० मध्ये त्याचे 'ग्रेसनोट' असे नामकरण झाले. त्यावर नाराज झालेल्यांनी 'फ्रीडीबी' हा मुक्त पर्याय उभा केला. तोही २०२० मध्ये बंद झाला. नावे भरणारा एक आणि नावांचा मालक दुसरा, हा प्रश्न येथे प्रथम ठळकपणे पुढे आला.

दरम्यान जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधनातून विकसित झालेल्या ध्वनिसंकोचन पद्धतीला जुलै १९९५ मध्ये 'एमपी३' हे नाव मिळाले. या फाईलमध्येही आरंभी नावासाठी जागा नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी फाईलच्या शेवटी १२८ बाइटांचा एक तुकडा जोडण्याची कल्पना मांडली. तीच 'आयडी३' टॅगची पहिली आवृत्ती. तिची रचना अशी होती : ओळखचिन्हासाठी ३ बाइट, गीताचे नाव ३०, कलाकार ३०, अल्बम ३०, वर्ष ४, टिप्पणी ३० आणि संगीतप्रकार १. संगीतप्रकार शब्दांत लिहायचा नव्हता. ८० प्रकारांच्या ठरीव यादीतील क्रमांक नोंदवायचा होता. १९९७ मध्ये टिप्पणीतील दोन बाइट घेऊन गीताच्या क्रमांकाची सोय करण्यात आली. १९९८ मध्ये या टॅगची दुसरी, पूर्णपणे नवी आवृत्ती आली. तिच्यात संगीतकार, गीतकार, रिमिक्स करणारा, बीपीएम, आरंभीची स्वरपट्टी अशा अनेक गोष्टींसाठी स्वतंत्र रकाने मिळाले. डीजेने वेष्टनावर लिहिलेला आकडा आता फाईलच्या पोटात गेला.

डीजे सॉफ्टवेअरचा उदय

१९९० च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समधील 'एन-टू-आय-टी' या कंपनीने 'फायनल स्क्रॅच' ही प्रणाली विकसित केली. यातील तबकडीवर गाणे नसून केवळ वेळदर्शक संकेत असतो. सुई तो संकेत वाचते आणि हाताच्या हालचालीप्रमाणे संगणकातील फाईल पुढे-मागे सरकते. रिची हॉटिन व जॉन अॅक्वाव्हिवा हे डीजे या प्रणालीच्या आरंभीच्या पुरस्कर्त्यांपैकी होत. बर्लिनच्या 'नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स'ने २००० मध्ये 'ट्रॅक्टर' हे सॉफ्टवेअर आणले. न्यूझीलंडमधील 'सेराटो' व अमेरिकेतील 'रेन' यांचे 'स्क्रॅच लाइव्ह' २००४ मध्ये आले. पायोनियरचा 'सीडीजे-१०००' हा प्लेअर २००१ मध्ये नृत्यगृहांत आला होता. त्यात क्यू पॉइंट स्मृतिपत्रिकेवर साठविता येत. त्याच कंपनीने २००९ मध्ये 'रेकॉर्डबॉक्स' हे सॉफ्टवेअर आणले. याचे वेगळेपण असे, की ते मुख्यतः तयारीसाठीच होते. घरी संगणकावर संग्रह तपासायचा, खुणा करायच्या, याद्या करायच्या, त्या पेन ड्राइव्हवर उतरवायच्या आणि कार्यक्रमाला संगणक न नेता केवळ तो ड्राइव्ह न्यायचा. तयारी आणि वादन ही दोन कामे येथे स्पष्टपणे वेगळी झाली.

शब्दांनी मात्र जुनी आठवण राखली. ब्राँक्समधील डीजे आपल्या तबकड्या दुधाच्या क्रेटमध्ये भरून नेत. सेराटोने गीतांच्या याद्यांना 'क्रेट' हेच नाव दिले.

पूर्वतयारीचे टप्पे

संग्रहाच्या तयारीचा पहिला टप्पा म्हणजे फाईलची पारख. ३२० केबीपीएस दर्जाच्या एमपी३ फाईलला मिनिटाला २.४ मेगाबाइट जागा लागते. पाच मिनिटांची एक हजार गीते सुमारे १२ गिगाबाइटमध्ये मावतात. सीडीच्या दर्जाची तीच गीते असंकुचित रूपात ठेवली तर सुमारे ५३ गिगाबाइट लागतात. जागेची अडचण होती तेव्हा अनेकांनी १२८ केबीपीएसच्या फाईली जमविल्या. अशी फाईल पुन्हा ३२० मध्ये रूपांतरित केल्याने आकार वाढतो, परंतु एकदा वगळलेला ध्वनी परत येत नाही. मोठ्या ध्वनिवर्धकांवर हा फरक ऐकू येतो. म्हणून संग्रहात घेतानाच मूळ स्रोत पाहावा लागतो.

दुसरा टप्पा नावांचा. एकाच गीताच्या मूळ, विस्तारित, वाद्यसंगीत व रिमिक्स अशा आवृत्त्या असतात. १९७० च्या दशकात टॉम मौल्टन यांच्या कामातून बारा इंची एकल तबकडी पुढे आली, तेव्हापासून नृत्यासाठीची लांब आवृत्ती वेगळी ओळखण्याची गरज आहे. नावात आवृत्तीचा उल्लेख नसेल, तर तीन मिनिटांची रेडिओ आवृत्ती सुरू होऊन पुढच्या गीताची जुळणी होण्यापूर्वीच ती संपण्याची नामुष्की ओढवते.

तिसरा टप्पा विश्लेषणाचा. सॉफ्टवेअर फाईल तपासून तिची गती काढते आणि प्रत्येक ठोक्यावर एक रेघ आखते. या आखणीस 'बीटग्रिड' म्हणतात. १२८ बीपीएम गतीच्या गीतात एक ठोका ०.४६८७५ सेकंदांचा असतो आणि पाच मिनिटांत ६४० ठोके पडतात. संगणकाने ही गती १२७.९ अशी मोजली, तर पाच मिनिटांच्या शेवटी आखणी अर्ध्या ठोक्याने चुकलेली असते. पहिला ठोका बरोबर आला म्हणजे सर्व बरोबर, असे समजता येत नाही. गीताच्या शेवटीही आखणी तपासावी लागते. दुसरी नेहमीची चूक दुप्पट-निम्म्याची. १७० गतीचे गीत ८५ म्हणून नोंदविले जाते आणि गतीनुसार लावलेल्या यादीत भलत्याच ठिकाणी जाऊन बसते.

चौथा टप्पा पट्टीचा. मार्क डेव्हिस यांच्या 'कॅमेलॉट' चक्रात १२ क्रमांक व दोन अक्षरे यांच्या साहाय्याने २४ पट्ट्या दर्शविल्या आहेत. सी मेजरला '८ बी' आणि ए मायनरला '८ ए' असे संकेत आहेत. शेजारच्या क्रमांकांची गीते एकमेकांत सहज मिसळतात. २००६ मध्ये आलेल्या 'मिक्स्ड इन की' या सॉफ्टवेअरने पट्टी ओळखून हा संकेत फाईलमध्ये लिहिण्याची सोय केली आणि स्वरज्ञान नसलेल्यासही पट्टीचा विचार करता येऊ लागला.

त्यानंतर क्यू पॉइंट, आवाजाच्या पातळीचे समायोजन आणि याद्या ही कामे येतात. क्यू पॉइंट कोठे ठेवायचा, हे यंत्र सुचवू शकते. परंतु येथे गायन सुरू होते, येथे तालवाद्ये एकटी उरतात, येथून बाहेर पडावे, हा निर्णय गीत पुन्हा पुन्हा ऐकल्याशिवाय होत नाही. याद्यांचेही तसेच. गती व पट्टी यांचे रकाने यंत्र भरते. 'कार्यक्रमाच्या आरंभी', 'पहाटेसाठी', 'वडीलधाऱ्यांच्या समोर' असे वर्गीकरण कलावंतालाच करावे लागते.

भारतीय संगीत आणि माहितीची चौकट

वर सांगितलेली चौकट अमेरिका व युरोपातील संगीत समोर ठेवून तयार झाली. ती जगभर वापरली जाऊ लागल्यावर तिच्या मर्यादा दिसू लागल्या. आयडी३ च्या पहिल्या आवृत्तीतील ८० संगीतप्रकारांत 'पोल्का' होता, 'डेथ मेटल' होता, थट्टेसाठी 'प्रँक्स'ही होता. मात्र लावणी, भजन, कव्वाली, चित्रपटगीत यांपैकी एकही नव्हता. या सर्वांसाठी ४८ व्या क्रमांकाचा 'एथनिक' हा एकच डबा उपलब्ध होता. नावाच्या ३० बाइटांचीही हीच गत. देवनागरी अक्षरचिन्हास यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट लागतात. 'लता मंगेशकर' हे नाव त्या पद्धतीने लिहिल्यास, मधल्या मोकळ्या जागेसह, ३१ बाइट होतात. म्हणजे देशातील सर्वांत परिचित गायिकेचे नाव तिच्याच लिपीत त्या रकान्यात मावले नसते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती आणि टॅगच्या दुसऱ्या आवृत्तीने युनिकोड स्वीकारले. तथापि तोवर रोमन लिपीत नावे लिहिण्याची सवय जडली होती. रोमन लिपीत 'भोसले' हे आडनाव किमान तीन प्रकारे लिहिले जाते. एकात 'ए' अधिक, तर दुसऱ्यात 'एन' अधिक. माणसाला ते एकच नाव वाटते. संगणक मात्र त्याच्या तीन वेगळ्या गायिका करतो, आणि एका स्पेलिंगने शोध घेणाऱ्यास उरलेली गीते सापडत नाहीत.

कलाकार कोण, हा प्रश्नही सोपा नाही. 'पिंजरा' (१९७२) या चित्रपटातील लावण्या गायिका उषा मंगेशकर यांच्या नावे लावाव्यात, संगीतकार राम कदम यांच्या, की गीतकार जगदीश खेबुडकर यांच्या? पहिल्या आवृत्तीत कलाकाराचा एकच रकाना असल्याने बहुधा गायकाचे नाव राहिले आणि इतर दोघे गळाले. रिमिक्सच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. 'समाधी' (१९७२) या चित्रपटातील राहुल देव बर्मन यांनी संगीतबद्ध केलेल्या एका गीताचे रिमिक्स २००२ मध्ये गाजले. त्याच्या वर्षाच्या रकान्यात कोणते वर्ष लिहावे? नव्या टॅगमध्ये मूळ वर्षासाठी वेगळा रकाना आहे. पण तो भरणारा कोणी असेल तरच त्याचा उपयोग.

बीटग्रिडची अडचण याहून मूलभूत आहे. ही आखणी चार-चार ठोक्यांच्या मापात आणि स्थिर लयीत चालणाऱ्या संगीतास अनुकूल आहे. आठ मात्रांचा केरवा तिच्यात बसतो. सहा मात्रांच्या दादऱ्याची सम मात्र चौकटीच्या पहिल्या रेघेवर दर वेळी येत नाही. सात मात्रांच्या रूपकाची तर नाहीच नाही. ढोलकीच्या साथीने रंगत जाणाऱ्या लावणीची लय शेवटाकडे चढते, आणि ही चढती लय हा दोष नसून त्या प्रकाराचा प्राण आहे. स्थिर आखणी तिला चूक ठरविते. पुढील काळात बदलत्या लयीसाठी अनेक ठिकाणी स्वतंत्र खुणा करण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये झाली. परंतु ते काम हाताने व कानाने करावे लागते. पट्टीच्या बाबतीतही चोवीस कप्प्यांत मेजर किंवा मायनर असेच उत्तर मिळते. तोडीसारखा राग यांपैकी कोणत्याच कप्प्यात बसत नाही, तरी यंत्र जवळचा कप्पा निवडून मोकळे होते.

या संदर्भात एक जुने उदाहरण उद्बोधक ठरेल. फ्रेड गेसबर्ग यांनी १९०२ मध्ये कोलकात्यात भारतातील आरंभीची ध्वनिमुद्रणे केली. गौहरजान या गायिका गाण्याच्या शेवटी आपले नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारीत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील कारागिरांना गायिका ओळखता यावी, हा त्यामागील हेतू सांगितला जातो. परक्या ठिकाणी आपले नाव हरवू नये म्हणून ते संगीताच्या आतच गुंफण्याची ही पद्धत होती. डिजिटल फाईलमधील टॅग तेच काम करतो. फक्त तो भरण्याची जबाबदारी गाणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे आली आहे.

खुणांची मालकी आणि जतन

खडूची रेघ तबकडीवर होती. ज्याची तबकडी त्याची रेघ. डिजिटल खुणांचे तसे नाही. सेराटो आपले क्यू पॉइंट मुख्यतः फाईलच्या टॅगमध्ये लिहिते. ट्रॅक्टर ते 'कलेक्शन' नावाच्या स्वतंत्र फाईलमध्ये ठेवते. रेकॉर्डबॉक्सचा स्वतःचा माहितीसंच असून पेन ड्राइव्हवर विश्लेषणाच्या वेगळ्या फाईली तयार होतात. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना सर्व खुणा आपोआप येत नाहीत. रूपांतराची साधने आहेत, पण तेथेही पेच आहे. एमपी३ ची एक चौकट ११५२ नमुन्यांची, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांची असते. फाईलचा आरंभ कोठे धरावा याविषयी दोन सॉफ्टवेअरमध्ये मतभेद असल्यास काही फाईलींतील सर्व खुणा तेवढ्याने सरकतात. १२८ गतीच्या गीतात हा एका ठोक्याचा सुमारे अठरावा भाग होतो. डोळ्यांना तो दिसत नाही, परंतु दोन ढोल एकत्र वाजताना कानाला खटकतो.

शिवाय माहितीसंचात फाईलचा पत्ता नोंदलेला असतो. संग्रहाचा फोल्डर दुसरीकडे हलविला की सॉफ्टवेअरला गीत सापडत नाही, जरी ते संगणकात सुखरूप असले तरी. म्हणून फोल्डरची रचना आरंभीच ठरविणे आणि संगीत व माहितीसंच या दोहोंची प्रत स्वतंत्र ठिकाणी ठेवणे, हा तयारीचा अपरिहार्य भाग मानला जातो. ऑनलाइन सेवांमुळे हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. स्पॉटिफायने डीजे सॉफ्टवेअरशी असलेली जोडणी २०२० मध्ये काढून घेतली. २०२५ मध्ये ती काही सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा उपलब्ध झाली. मधल्या काळात या सेवेवर रचलेल्या याद्या त्या सॉफ्टवेअरमध्ये वाजविता येत नव्हत्या. वहीतील अक्षरे शाबूत, पण पदे गायब, अशी ही अवस्था होय.

इतिहासाच्या अभ्यासकासाठी यातून एक गंभीर प्रश्न उभा राहतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने २००७ मध्ये हिपहॉप संग्रह स्थापन केला. तेथे तबकड्या, छायाचित्रे, कार्यक्रमांची पत्रके जतन केली आहेत. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या नोंदी व सूची यांचे मोलाचे कार्य केले. तबकडी हातात घेता येते, तिच्या वेष्टनावरील अक्षर वाचता येते, तिच्या झिजेवरून ती किती वाजली हे कळते. २००० नंतरच्या डीजेचा संग्रह मात्र एखाद्या हार्ड डिस्कवर असतो. त्याने वीस वर्षे केलेल्या खुणा, टिपणे, वर्गीकरणे एका विशिष्ट सॉफ्टवेअरच्या विशिष्ट आवृत्तीतच वाचता येतात. डिस्क बिघडली किंवा सॉफ्टवेअर बंद पडले, तर गीते इतरत्र मिळतील. ती कोणत्या क्रमाने, कोणत्या प्रसंगी आणि का वाजविली गेली, हे मात्र कोठेही मिळणार नाही.

निष्कर्ष

१) डिजिटल संग्रहाच्या तयारीतील क्यू पॉइंट, बीपीएम, टिप्पणी, क्रेट या सर्व घटकांचे मूळ तबकडीच्या काळातील हस्तव्यवहारात आढळते. ही संगणकाची निर्मिती नसून जुन्या स्मरणकार्याचे रूपांतर आहे.

२) माहितीची रचना तटस्थ नसते. ३० बाइटांचा रकाना, ८० प्रकारांची यादी, चार ठोक्यांची आखणी यांनी काही संगीताला सहज जागा दिली, तर काहींना 'इतर'मध्ये ढकलले. जे नीट नोंदले जात नाही ते शोधात येत नाही, आणि जे शोधात येत नाही ते वाजत नाही.

३) यंत्राच्या विश्लेषणाने वेळ वाचला, तरी तपासणीची जबाबदारी कानावरच राहिली. विशेषतः भारतीय चित्रपटसंगीत व लोकसंगीत यांच्या बाबतीत हाताने दुरुस्ती केल्यावाचून संग्रह विश्वासार्ह होत नाही.

४) खुणांची मालकी व त्यांचे जतन हा या इतिहासातील अद्याप न सुटलेला प्रश्न आहे. डीजेंनी आपल्या याद्या व टिपणे सर्वत्र वाचता येतील अशा साध्या मजकुराच्या स्वरूपातही ठेवणे, गायकासोबत संगीतकार व गीतकार यांची नावे देवनागरीत नोंदविणे आणि संग्रहालयांनी अशा डिजिटल संग्रहांचा स्वीकार करणे, या दिशेने प्रयत्न होणे आवश्यक आहे.

ग्रँडमास्टर फ्लॅश यांची खडूची रेघ तबकडी पुसली की जात असे. ती पुन्हा ओढण्यासाठी ब्रेक कोठे सुरू होतो हे त्यांना पाठ होते. आजची खूण पुसली जात नाही असे वाटते, म्हणून ती पाठ केली जात नाही. संग्रहाच्या तयारीचे खरे महत्त्व खुणा करण्याइतकेच त्या करताना घडणाऱ्या श्रवणात आहे, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.